पत्ता लांबला, फाइल हरवली

काही एरर घाबरवतात, काही बुचकळ्यात टाकतात आणि काही चक्क अपमान केल्यासारख्या वाटतात. 'फाइलनेम टू लाँग' ही या तिसऱ्या जातीतली. नवा प्रोजेक्ट हातात आलाय, गिटवरून क्लोन सुरू केलाय, टक्केवारी झकास पुढे सरकतेय... आणि अगदी शेवटी एररची ही भली मोठी रांग! अमुक फाइल तयार करता आली नाही, नाव फार लांब आहे. बघावं तर फाइलचं नाव जेमतेम वीस-पंचवीस अक्षरांचं. यात लांब काय आहे, बॉस?

टीम लीडला विचारावं तर उत्तर ठरलेलं. "माझ्याकडे तर मस्त चाललंय. तुझ्याच मशीनचा काहीतरी झोल असेल बघ." झालं! नोकरीचा दुसरा आठवडा आणि कपाळावर पहिला शिक्का.

तर मंडळी, आज या झोलाचा फंडा समजून घेऊ. आणि त्यासाठी आपण जाणार आहोत थेट वाशिम जिल्ह्यात. हसू नका! हल्ली दिवाळीला लॅपटॉप घेऊन गावी जाणारे आणि तिथूनच आठवडाभर काम करणारे काही कमी नाहीत. पण वाशिमला जायचं कारण वेगळं आहे. पत्ता लांब का होतो, तो कुठे कापायचा आणि कुठे अजिबात कापायचा नाही, हे वाशिमकरांना पाकिटावर पत्ता लिहितानाच कळलेलं असतं.

मु. पो., ता., जि.

मु. पो. शिरपूर जैन, ता. मालेगाव, जि. वाशिम. हा झाला टपालाचा पत्ता. कॉम्प्युटर हाच पत्ता उलटा लिहितो. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि सगळ्यात शेवटी घर. मध्ये स्वल्पविरामाऐवजी बॅकस्लॅश. यालाच म्हणायचं 'पाथ'. तुमची फाइल म्हणजे शेवटचं घर. आणि 'नाव लांब आहे' असं जेव्हा विंडोज म्हणतं, तेव्हा ते घराच्या पाटीबद्दल बोलत नसतं. ड्राइव्हच्या अक्षरापासून त्या पाटीपर्यंतचा अख्खा पत्ता ते मोजत असतं. इथेच निम्म्या लोकांची गल्लत होते. ते फाइलचं नाव दोन अक्षरांनी कमी करून बघतात आणि कपाळाला हात लावतात.

मग पत्ता लांब ठेवायचाच कशाला? नुसतं 'मालेगाव' म्हणून बघा. दहातल्या नऊ जणांच्या डोळ्यांसमोर नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव येईल. 'शिरपूर' म्हटलं की धुळे जिल्ह्यातलं. 'कारंजा' म्हणाल तर एक वाशिममधलं कारंजा लाड आणि दुसरं वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे. म्हणून मागे तालुका-जिल्हा लावावा लागतो. फोल्डर्सचंही तेच आहे. 'रिपोर्ट' नावाच्या चार फाइल्स वेगवेगळ्या फोल्डरमध्ये सुखाने नांदतात, कारण प्रत्येकीचा पत्ता वेगळा असतो. म्हणजे पत्ता वाईट नाही. तो किती लांबवायचा आणि त्याचा त्रास कोणाला होणार, एवढाच प्रश्न आहे.

२६० चा हिशेब

विंडोजच्या जुन्या नियमानुसार अख्ख्या पत्त्याला जागा आहे २६० अक्षरांची. ड्राइव्हचं अक्षर, विसर्गचिन्ह आणि बॅकस्लॅश ही तीन, पुढे २५६ आणि शेवटी न दिसणारं एक समाप्तीचं चिन्ह. म्हणजे तुमच्या वाट्याला आली २५९. डॉसच्या काळात फाइलचं नाव आठ अक्षरांचं आणि त्यापुढे तीन अक्षरांचं शेपूट असायचं. १९९५ साली विंडोज ९५ आलं आणि लांबलचक नावं लिहायची सोय झाली. त्या मानाने २६० म्हणजे चैन होती! पुढे प्रोजेक्ट वाढले, फोल्डरात फोल्डर आले आणि चैनीची अडचण झाली.

गिटचा जन्म मात्र दुसऱ्या गावातला. लिनस टोरव्हाल्ड्सने २००५ साली ते लिनक्सच्या कामासाठी बनवलं. लिनक्समध्ये पत्त्याला ४०९६ बाइट्सची ऐसपैस जागा असते. त्यामुळे लिनक्स किंवा मॅकवर बसलेला माणूस खुशाल लांब पत्ते बनवतो, गिट ते बिनतक्रार जपून ठेवतं आणि भांडं फुटतं ते विंडोजवाल्याच्या डोक्यावर.

आणि दोन विंडोजवाल्यांतही फरक पडतो. कसा ते बघा. समजा, प्रोजेक्टच्या आतला सगळ्यात लांब पत्ता १९० अक्षरांचा आहे. लीडने प्रोजेक्ट ठेवलाय डी ड्राइव्हवर 'एसआरसी' फोल्डरमध्ये. त्याची ७ अक्षरं. त्यात 'पोर्टल' हे प्रोजेक्टचं फोल्डर, बॅकस्लॅशसकट आणखी ७. एकूण २०४. एकदम ओके.

आता नव्या मुलीचा लॅपटॉप. सी ड्राइव्ह आणि 'यूजर्स' मिळून ९ अक्षरं. ऑफिसने दिलेलं लॉगिन नाव १६ अक्षरांचं, बॅकस्लॅश धरून १७. पुढे वनड्राइव्ह आणि त्याला चिकटलेलं कंपनीचं २४ अक्षरी नाव, मिळून ३६. मग 'डॉक्युमेंट्स'ची १०. पोर्टलची ७. झाली की ७९ अक्षरं, आणि अजून प्रोजेक्टचं दारही उघडलेलं नाही! त्यात १९० मिळवा. २६९. हद्दीबाहेर.

कोड तोच, गिट तेच, विंडोजही तेच. फरक इतकाच की एकाचं घर हायवेला लागून आणि दुसरीचं चार वळणं आत. "माझ्याकडे तर चाललंय" हे वाक्य खरं असूनही निरुपयोगी का असतं, ते कळलं ना?

आधी हात आवरा

आता उपाय. पण त्याआधी एक गोष्ट अजिबात करू नका. अर्धवट क्लोनवर काम सुरू करून, सगळं सरसकट ॲड करून कमिट मारू नका. कारण ज्या फाइल्स तुमच्या डिस्कवर उतरल्याच नाहीत, त्या गिटच्या लेखी तुम्ही डिलीट केलेल्या असतात. 'गिट स्टेटस' दिलं की त्यांची यादी 'डिलीटेड' म्हणून समोर येते. ती न वाचता कमिट आणि पुश झालं, तर दुसऱ्या दिवशी ज्यांनी ज्यांनी पुल केलं त्या सगळ्यांच्या मशीनवरून त्या फाइल्स गायब. आणि मग ग्रुपवर तो प्रसिद्ध प्रश्न येतो: "फाइल्स कोणी उडवल्या?" लॉगमध्ये नाव कोणाचं? तुमचं!

घाबरू नका, इतिहासातून त्या परत काढता येतात. पण तोवर शिक्का बसलेला असतो. म्हणून ही एरर दिसली की पहिलं काम स्टेटस बघायचं आणि दुसरं काम थांबायचं.

तीन उपाय, याच क्रमाने

(कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. इथे आपण बोलतो तशा दिल्यात.)

पहिला उपाय बिनपैशाचा आणि बिनपरवानगीचा. प्रोजेक्ट ड्राइव्हच्या तोंडाशी आणून ठेवा. सी ड्राइव्हवर एकच अक्षराचं फोल्डर करा, समजा 'डब्ल्यू'. पत्ता झाला ५ अक्षरांचा. वरच्या उदाहरणात ५ अधिक ७ अधिक १९०, म्हणजे २०२. एका झटक्यात ६७ अक्षरं वाचली. डेस्कटॉपवर किंवा वनड्राइव्हमध्ये प्रोजेक्ट ठेवायची सवय तशीही वाईटच. गिटचं स्वतःचं छुपं फोल्डर आणि वनड्राइव्हचं सिंक एकाच वेळी त्याच फाइल्सना हात घालतात आणि त्यातून नवीन डोकेदुखी सुरू होते.

एवढ्यावर भागलं नाही तर दुसरा उपाय. गिटला सांगा की लांब पत्ते चालतील. 'गिट कॉन्फिग डॅश-डॅश ग्लोबल कोअर डॉट लाँगपाथ्स ट्रू'. यानंतर गिट विंडोजच्या दुसऱ्या दरवाजाने फाइल्स लिहितं. त्या दरवाजात मर्यादा सुमारे ३२ हजार अक्षरांची आहे. अर्धवट क्लोनमध्ये तुमचं स्वतःचं काहीच काम नसेल तर त्यानंतर 'गिट रिसेट डॅश-डॅश हार्ड' द्या, राहिलेल्या फाइल्स उतरतील. तुमचे बदल असतील तर मात्र ही कमांड ते साफ पुसून टाकते, तेव्हा आधी ते बाजूला ठेवा. अजून क्लोन केलंच नसेल तर क्लोनच्याच कमांडमध्ये 'डॅश सी' लावून ही सेटिंग देता येते.

मग हा उपाय पहिला का नाही? कारण परवानगी मिळाली ती फक्त गिटला. विंडोजचं फाइल एक्सप्लोरर, काही जुने एडिटर्स आणि बिल्ड टूल्स अजूनही २६० वरच अडकलेली आहेत. गिट फाइल आणून ठेवतं, पण ती ना नीट उघडत, ना हलत, ना डिलीट होत. घर बांधलं, पण रिक्षा दारापर्यंत येत नाही, अशी गत!

तिसरा उपाय विंडोजच्या पातळीवरचा. २०१६ साली आलेल्या विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून रजिस्ट्रीमध्ये 'लाँगपाथ्स एनेबल्ड' नावाची नोंद १ करून ही मर्यादा उठवता येते. ग्रुप पॉलिसीतूनही जमतं. मात्र याला ॲडमिन हक्क लागतात, म्हणजे आयटी हेल्पडेस्कला तिकीट टाकणं आलं. आणि इथेही अट आहे. ज्या सॉफ्टवेअरने स्वतःहून लांब पत्त्यांची तयारी ठेवलीय, त्यालाच याचा फायदा होतो.

पिनकोडची आयडिया

फोल्डर हलवायला मनाई आहे आणि ॲडमिन हक्कही नाहीत? एक मराठी तोड आठवा. एकाच नावाची अनेक गावं, न लागणारं अक्षर, वेगवेगळ्या भाषांत लिहिलेली पाकिटं यांत टपाल खातं गुरफटलं होतं. त्यावर १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड आला. त्यामागचं डोकं होतं श्रीराम भिकाजी वेलणकर यांचं. टपाल-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे जाणकार. सहा आकड्यांत त्यांनी विभागापासून पोस्ट ऑफिसपर्यंतचा पत्ता बसवला. वाशिमचा पिन ४४४५०५. दोन्ही मालेगावांचे पिन वेगळे, त्यामुळे पत्र नाशिककडे जायची भीती नाही.

विंडोजमध्येही असा पिनकोड आहे, 'सब्स्ट' नावाची कमांड. लांबलचक फोल्डरला ती एक रिकामं ड्राइव्ह अक्षर देते. समजा, 'डब्ल्यू ड्राइव्ह'. फोल्डर आहे तिथेच राहतं, पण तुम्ही डब्ल्यू ड्राइव्हवरून आत शिरलात की मागची ७२ अक्षरं मोजली जात नाहीत. तिथे उरतात फक्त तीन. लॅपटॉप रीस्टार्ट केला की हा पिनकोड पुसला जातो, तेव्हा कमांड जपून ठेवा.

मराठी नावांचं गणित

आता थोडं आपल्या भाषेचं. फाइलला मराठीत नाव देणारे बरेच आहेत, विशेषतः सरकारी कामाचे प्रोजेक्ट करणारे. विंडोजला त्याचं काही वाटत नाही. ते अक्षरं, काना, मात्रा, अनुस्वार असं एकेक चिन्ह मोजतं. लिनक्स मात्र बाइट्स मोजतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह घेतं तीन बाइट्स. 'मंगरूळपीर' इंग्रजीत १० बाइट्सचं, मराठीत ९ चिन्हांचं आणि म्हणून २७ बाइट्सचं. अख्ख्या पत्त्याला लिनक्स ४०९६ बाइट्स देतं हे खरं, पण एका नावाला फक्त २५५.

एक नमुना बघा. 'जिल्हा परिषद वाशिम अंतर्गत ग्रामपंचायत निहाय पाणीपुरवठा योजना प्रगती अहवाल अंतिम सुधारित'. नाव आम्हीच रचलंय, पण ओळखीचं वाटतंय ना? मधल्या जागा आणि एक्सेलचं पाच अक्षरी शेपूट धरून हे होतं २४७ बाइट्स. बसलं! आता कोणीतरी साहेबी थाटात शेवटी 'प्रत' जोडलं. झाले २६०. लिनक्स सर्व्हरवर दार बंद. गंमत म्हणजे विंडोजवर हेच नाव फक्त ९८ अक्षरांचं आहे, त्यामुळे पाठवणाऱ्याला पत्ताच नाही की काही बिघडलंय. म्हणजे यावेळी "माझ्याकडे तर चाललंय" म्हणणारा विंडोजवाला!

मराठी नावं ठेवू नका, असं मुळीच नाही. आटोपशीर ठेवा. आणि स्टेटसमध्ये मराठी नावांऐवजी नुसते आकडे दिसत असतील (वाशिममधला 'व' गिट ३४०, २४४, २६५ असा दाखवतं) तर 'कोअर डॉट कोटपाथ' ही सेटिंग 'फॉल्स' करा. नावं पुन्हा माणसांत येतील.

जि. अकोला, जि. वाशिम

समजा, टीमने मनावर घेतलं आणि लांब फोल्डर्सची नावं 'गिट एमव्ही'ने छोटी केली. प्रश्न मिटला? आजपुरता, हो. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. त्या दिवसापासून पत्ता बदलला, पण त्याआधीच्या दाखल्यांवर आणि कागदांवर आजही 'जि. अकोला'च आहे. जुना कागद बाहेर काढला की जुना पत्ता समोर येतो. गिटचा इतिहास अगदी असाच आहे. तुम्ही आज नाव बदललंत तरी जुन्या कमिटमध्ये जुनाच लांब पत्ता राहतो. दोन वर्षांपूर्वीची आवृत्ती चेकआउट केली की तीच एरर पुन्हा हजर. त्यामुळे नावं छोटी केली तरी लाँगपाथ्सची सेटिंग चालू ठेवा. आणि तो लांब पत्त्यांचा विभाग तुम्हाला लागतच नसेल तर 'स्पार्स चेकआउट' वापरून तेवढं फोल्डर उतरवूच नका.

टीमसाठी चार सवयी

एक, बजेट ठरवा. प्रोजेक्टच्या आतला पत्ता १६० अक्षरांच्या आत ठेवायचा, असं आमचं मत. मग प्रत्येकाला आपल्या मशीनवर ९९ अक्षरं मोकळी मिळतात. लॉगिन नाव कितीही लांब असलं तरी भागतं.

दोन, मोजा. 'गिट एलएस-फाइल्स' सगळ्या फाइल्सचे पत्ते देतं. ती यादी एक्सेलमध्ये टाकून लांबीनुसार लावली की गुन्हेगार दोन मिनिटांत सापडतात. जमलं तर ही तपासणी कमिटच्या वेळी आपोआप होईल, अशी हुकमध्ये बसवा.

तीन, बाहेरून येणाऱ्या लायब्ऱ्या आणि बिल्डमधून तयार होणाऱ्या फाइल्स गिटमध्ये घालू नका. त्यांची जागा 'गिटइग्नोर'मध्ये. २०१५ साली एनपीएमची तिसरी आवृत्ती येईपर्यंत नोडच्या लायब्ऱ्या एकीच्या पोटात दुसरी अशा उतरायच्या आणि विंडोजवाले याच एररने हैराण व्हायचे.

चार, नाव ठेवताना कारंजा आठवा. ओळख पटायला 'लाड' एवढा एक शब्द पुरतो. तेच ते शब्द प्रत्येक पायरीवर कशाला? 'ग्राहक' फोल्डरमध्ये 'ग्राहक-सेवा', त्यात 'ग्राहक-सेवा-अहवाल', त्यात 'ग्राहक-सेवा-अहवाल-नवीन'... वरच्या फोल्डरने जे सांगितलंय ते खालच्याने पुन्हा सांगायची गरज नसते.

आणि लीड मंडळींसाठी एक खास. तुमच्याकडे दिसत नाही अशी ही एरर आहे. फोल्डरचं नाव ठेवतो एक आणि निस्तरतो दुसराच, बहुतेक वेळा टीममधला सगळ्यात नवा, ज्याच्या लॅपटॉपवर ॲडमिन हक्क नाहीत आणि ज्याला "सर, हे तुमच्या फोल्डरमुळे होतंय" असं म्हणायची हिंमतही नाही. उद्या त्याचा फोन आला तर 'मशीनचा झोल' म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारा: "प्रोजेक्ट ठेवलायस कुठे? पूर्ण पत्ता वाच बरं." तो वाचता वाचता अर्धा मिनिट गेला, तर उत्तर तुम्हा दोघांनाही मिळालेलं असेल.